सव्वीस नंबरच्या पुढचं गाव

मी एक फाइल बोलतेय. लाल फितीत बांधलेली, सहीसाठी टेबलामागून टेबल हिंडणारी, ती माझी थोरली बहीण. तिच्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मी संगणकाच्या पोटातली. माझं नाव 'गाव डॉट डॅट'. माझ्यात कोहळघाट नावाचं अख्खं गाव आहे, दोनशे चौदा घरांचं. ते आता दुसरीकडे कुठंच नाही. वैनगंगेच्या काठी होतं, गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं.

आत्ता मी भंडाऱ्यातल्या एका कचेरीत टेबलावर पडून आहे, एका निळ्या पेनड्राइव्हमध्ये. बाहेर व्हरांड्यात निर्मलाबाई बसल्या आहेत. मांडीवर लुगड्यात गुंडाळलेली एक फळी आहे. शेजारी त्यांची नात खुशबू. अकराची सुनावणी होती, साडेबारा वाजले. साहेबांचा चहा झाला की मला उघडतील. तोवर माझी हकीकत ऐका. ज्यांचं ऐकणं काम होतं त्यांना वेळ नव्हता.

माझा जन्म सोळा वर्षांपूर्वीचा. धरणात जाणाऱ्या गावांची मोजणी चालली होती आणि कोहळघाटासाठी कचेरीनं कमलेश नावाचा कंत्राटी मुलगा घेतला होता. साकोलीकडचा, संगणकाची पदविका झालेला, उन्हानं करपलेला. दिवसभर गावात घरं मोजायची आणि संध्याकाळी एसटीनं परत येऊन ती संगणकात घालायची, असं त्याचं काम. त्याला घरं दाखवायला गावचे कोतवाल केवळराम बरोबर असत. कोतवालांच्या एका हातात गेरूचा डबा, दुसऱ्या हातात बाभळीच्या काडीचा कुंचला. घर मोजून झालं की दाराच्या फळीवर नंबर काढायचा.

नंबर कुठून सुरू करायचा, हे विचारायचं कारण नव्हतं. आमच्या झाडीपट्टीत गाव मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या, माडीपासूनच मोजतात. पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. वरच्या अंगाला माडी, मग तिच्या सोयऱ्याधायऱ्यांची घरं, मग कुणबी-तेल्यांची, आणि सगळ्यांत शेवटी नदीला टेकलेल्या मासेमार ढिवरांच्या झोपड्या. कोतवाल सरकारी माणूस, त्याच्याच हातात कुंचला. मनात आणलं असतं तर स्वतःचं घर दुसरं-तिसरं घालता आलं असतं. कमलेश म्हणालाही, "काकाजी, तुमचं घर वरतं घेऊन टाकू ना. कोन पाहते?"

केवळराम हसले. "मी पाहतो ना बापू. जिथं हाय तिथंच राहू दे. घर का पाय लावून पयते?"

त्यांचं घर आलं तेव्हा त्यांनी फळीवर सव्वीस काढलं. आकडा जरा मोठा आला, घरचा म्हणून.

कमलेशनं मला सी नावाच्या संगणकभाषेत घडवलं. निळ्या पडद्यावर त्यानं आधी एका घराचा साचा बांधला: घराचा नंबर, घरात माणसं किती, गुरं किती, आवारात झाडं किती, आणि घरच्या कर्त्याचं नाव. एका घराला चौसष्ट बाइट, म्हणजे चौसष्ट खण. मालगुजाराच्या माडीलाही चौसष्ट आणि नदीकाठच्या झोपडीलाही चौसष्ट. कोहळघाटात अशी बरोबरी फक्त माझ्याच पोटात झाली. मग त्यानं मला बायनरी म्हणून उघडलं आणि एकामागून एक घर जसंच्या तसं आत ठेवलं.

आता माझ्या जातीची एक गोष्ट सांगते. ती कळली की पुढचं सगळं कळेल. फायली दोन जातींच्या. एक मजकुराची, तिच्यात सव्वीस लिहायचं तर दोनाचा आकडा आणि सहाचा आकडा, पाटीवर लिहावा तसा. दुसरी मी, बायनरी. माझ्यात आकडा लिहीत नाहीत, आकड्याचं माप ठेवतात. सव्वीस म्हणजे सव्वीसच्या मापाचा एक बाइट. म्हणून मला मजकुरासारखं उघडलं की पडद्यावर नुसता किडामुंगीचा बाजार दिसतो. केवळरामांनी एकदा कचेरीत येऊन हौसेनं पाहिलं होतं.

"काय हे? आमचं गाव असं दिसते? भूतबाधा झाल्यावानी?"

"काकाजी, हे मशीनीची रीत हाय. जशी ठेवली तशीच काढा लागते. दुसऱ्या रीतीनं काढली का घोळ होते."

"कसा घोळ?"

"कसाही. मशीन बोंब नाही मारत. चुपचाप चुकते."

जाताना कमलेशनं एक चिठ्ठी लिहून संगणकाच्या डब्यावर चिकटवली: 'ही फाइल बायनरीतच उघडा.' त्याचं कंत्राट संपलं, तो पुण्याकडे गेला. पुढच्या दिवाळीला कचेरीला रंग दिला, डबा हलवला, चिठ्ठी रंगाऱ्यानं फाडली. त्यात त्याचा दोष नाही. त्याला भिंत रंगवायची होती.

मग पाणी आलं. ते खालून आलं, म्हणजे माझ्या शेवटाकडून. दोनशे चौदा, दोनशे तेरा, दोनशे बारा. मोजणीत जे शेवटी, ते बुडण्यात पहिले. केवळरामांनी घराच्या दाराची फळी उपसून बैलगाडीत टाकली. नव्या वसाहतीत, मुरमाच्या उघड्या माळावर, त्यांनी टिनाचं घर बांधलं आणि दारावर तीच फळी ठोकली. पाहून बाकीच्यांनीही आपापले जुने नंबर नव्या दारांवर काढले. सरकारनं भूखंडांना वेगळे नंबर दिले होते, ते कुणाला पाठ नाहीत. आजही तिथं कुणी कुणाला शोधत आलं तर विचारतात, "कोनता मारोतराव? चाळीसचा का एकशे दहाचा?" गाव बुडालं, नंबर पोहून वर आले.

केवळराम चार वर्षांपूर्वी गेले. मुलगा-सून आधीच कामासाठी हैदराबादेकडे. घरात त्यांच्या पत्नी निर्मलाबाई आणि नात खुशबू. खुशबू पवनीच्या कॉलेजात बीएस्सीला, विषय संगणक.

आणि मी? मी एका संगणकातून दुसऱ्यात, सीडीतून पेनड्राइव्हमध्ये, शेवटी 'जुना डेटा' नावाच्या फोल्डरात. त्या फोल्डरात माझ्याबरोबर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो होते आणि एक पत्त्यांचा खेळ होता. पत्त्यांचा खेळ रोज उघडायचे.

गेल्या वर्षी वरून पत्र आलं. वसाहतीतल्या भूखंडांचे मालकीचे पट्टे कायम करायचे; मूळ गावचे रहिवासी कोण, त्याची अंतिम यादी द्या; यादीत नसेल तो अतिक्रमण धरावा. तेरा वर्षं ते पत्र निघालं नव्हतं. निघालं तेव्हा यादी दोन दिवसांत हवी होती.

काम राजकुमारकडे आलं. हाही कंत्राटी, वरठीहून मोटरसायकलनं यायचा, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. कमलेशचा जुना प्रोग्राम नव्या विंडोजवर चालेना, म्हणून त्यानं नवा लिहिला. पोरगा अडाणी नव्हता. जुन्या मशीनवर प्रत्येक पूर्ण संख्येला दोन बाइट लागत आणि नव्यावर चार, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं साचा बरोबर जुळवला. फक्त मला उघडताना त्यानं बायनरी सांगायचं सोडलं. एक अक्षर लागतं त्याला. ते नसलं की विंडोज समजतं, मजकूर आहे.

आणि मजकुराच्या बाबतीत विंडोजनं एक म्हातारा रिवाज अजून सांभाळलाय. फार जुन्या मशीनींवर सव्वीस मापाचा बाइट म्हणजे 'इथं मजकूर संपला' अशी खूण होती. त्या मशीनी कधीच भंगारात गेल्या. खूण राहिली.

माझ्या पहिल्या पंचवीस घरांत कुठंही सव्वीस माणसं नव्हती, सव्वीस गुरं नव्हती, सव्वीस झाडं नव्हती. म्हणून ती पंचवीस घरं सुरळीत निघाली. मग कोतवालांचं घर आलं. त्याचा पहिलाच बाइट सव्वीस. विंडोजनं तो पाहिला आणि म्हटलं, संपलं.

काही खडखडलं नाही. लाल अक्षरं आली नाहीत. राजकुमारनं यादी छापली, साहेबांना दिली. साहेब खूश. "पंचवीस? छान. आटोपशीर आहे." वसाहतीत दोनशेवर घरांना वीजबिलं जातात हे त्या कचेरीत कुणाला ठाऊक नव्हतं, यावर माझा विश्वास नाही.

यादीचं वाचन वसाहतीच्या समाजमंदिरासमोर झालं. मी टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये होते, तिथून ऐकलं. कचेरीतल्या बाबूनं पंचवीस नावं वाचली आणि कागदाची घडी घातली.

निर्मलाबाई उभ्या राहिल्या. "साहेब, पंचवीसच्या मांगून सव्वीस येते ना वो? का तुमच्याकडे पंचवीसच्या मांगून चहा येते?"

लोक हसले. साहेब हसले नाहीत. "बाई, ही यादी संगणकानं काढलेली आहे. हातानं लिहिलेली नाही."

"हातानं तं माह्या मालकानं लिवली होती. घरोघर जाऊन. तुमच्या मशीनले इचारा, कोतवालाचं घर कुठी गेलं म्हून."

"आक्षेप असेल तर सात दिवसांत लेखी द्या."

पुढच्या ओळीत सुखराम बसले होते. घर नंबर चार, माजी सरपंच, मालगुजाराच्या सोयऱ्यांतले. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे. या माणसानं तोंड उघडलं असतं तर साहेबाला यादी गुंडाळून न्यावी लागली असती. ते उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "कोतवालीनबाई, कायले गरम होता? आमचं नाव निंगालं, म्हंजे मशीन खराब नाही. तुमचंच काई कागदात कमी असन."

पंचविसातल्या एकानंही वर पाहिलं नाही. मी त्यांची माणसं, गुरं, झाडं सगळी मोजून ठेवलीत. पाठीचा कणा मोजायला साच्यात जागा नव्हती.

खुशबूनं आक्षेप लिहून दिला. पोच मिळाली, उत्तर नाही. सहाव्या दिवशी ती एसटीनं भंडाऱ्याला आली आणि नेमकी जेवणाच्या सुट्टीत राजकुमारसमोर उभी राहिली. त्याचा डबा उघडा होता.

"दादा, ते फाइल पाहाची होती."

"सरकारी हाय ताई. देता नाही येत."

"नका देऊ. तिची साइज किती, तेवढं तं सांगता येते?"

त्यानं घास हातात धरूनच माऊस हलवला. "तेरा हजार सहाशे शहाण्णव बाइट."

"अन्‌ एका घराचे?"

"चौसष्ट."

खुशबूनं मोबाइलवर भागाकार केला आणि पडदा त्याच्यासमोर धरला. दोनशे चौदा. बाकी शून्य.

राजकुमारनं घास डब्यात ठेवला. मग त्यानं स्वतःचा प्रोग्राम उघडला, उघडायची ओळ पाहिली आणि कपाळावर हात मारला. ते एक अक्षर घातलं. चालवलं. सव्वीस, केवळराम. सत्तावीस. अठ्ठावीस. पंधरा वर्षांनी मला कुणीतरी शेवटपर्यंत वाचलं. नदीकाठच्या शेवटच्या झोपडीतल्या तीन माणसांसकट, एका बकरीसकट, दोन चिंचांसकट. मला रडता येत नाही, खुशबू रडली.

"मी आताच साहेबाकडे जातो," तो म्हणाला. "माहीच चूक हाय. मीच सांगतो." जाण्याआधी त्यानं मला तिच्या निळ्या पेनड्राइव्हमध्ये उतरवून दिलं. "असू द्या तुमच्याजवळ. इथचं काई सांगता येत नाही."

बरं केलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यादीवर सही कुणाची आहे?"

"तुमची सर."

"वर गेली आहे ती?"

"हो सर."

"मग आता चूक कुणाची ठरेल?"

साहेबांनी उत्तराची वाट न पाहता फर्मावलं.

"मंजूर यादी ज्या प्रोग्रामनं निघाली तोच संगणकात ठेवा. तुमची दुरुस्ती काढून टाका. आणि तो जुना डेटा साफ करा, जागा अडवतोय."

त्यानं दुरुस्ती काढली. मला त्या संगणकातून पुसलं, लग्नाच्या फोटोंसकट. एवढं करूनही त्याची ऑर्डर पुढं वाढली नाही. आता तो वरठीला मोबाइलच्या दुकानात बसतो. झाली हकीकत त्यानं सहीनिशी लिहून दिली आहे. तो कागद थोरल्या बहिणीच्या पोटात, कुठल्याशा फितीखाली दबलाय.

उन्हाळ्यात जेसीबी आला. एकशे एकोणनव्वद घरांना नोटीस होती, पण निर्मलाबाईंचं घर रस्त्याच्या तोंडाशी, मशीन वळायला सोपं. खुशबू समोर उभी राहून माझी छापील यादी मोठ्यानं वाचत होती, सव्वीसपासून पुढं. आपापलं नाव ऐकून एकेक माणूस घरातून बाहेर येत होता आणि तिच्या मागं उभा राहत होता. एकशे चाळीसपर्यंत ती पोचली तेव्हा गर्दी इतकी झाली की पोलिसांनी मशीन थांबवायला लावलं. तोवर ओसरी आणि समोरची भिंत गेली होती. निर्मलाबाईंनी आधीच फळी काढून घेतली होती. मागच्या वेळी नवऱ्यानं काढली होती, या वेळी त्यांनी.

बाकीच्या घरांना पुढील आदेशापर्यंत स्थगिती मिळाली. निर्मलाबाईंना आजची सुनावणी. यात त्यांचं नाव निघालं तर पट्टा मिळेल आणि मागचे एकशे अठ्ठ्याऐंशी तगतील. नाही निघालं तर मशीन पुन्हा येईल आणि थांबणार नाही. त्या राहिलेल्या अर्ध्या घरात ताडपत्री लावून राहतात.

म्हणून वाचणाऱ्यांनो, हात जोडून सांगते. हात नाहीत, तरी. तुमच्यापैकी कुणी कुठल्या कचेरीत, बँकेत, दवाखान्यात बसून माझ्यासारखीला उघडत असेल, तर आधी विचारा, ही कोणत्या रीतीनं ठेवली होती. वाचून झालं की माझं वजन पाहा आणि हाती आलेलं त्याच्याशी ताडून पाहा. एक भागाकार. सहावीतलं पोर करतं. मशीन थांबलं म्हणजे माणसं संपली, असं धरून सही ठोकू नका.

पुकारा झाला. एका अर्जदारामागे एकच माणूस आत, असा नियम आहे. खुशबूला शिपायानं दारातच अडवलं. ती खिडकीशी येऊन उभी राहिली आहे.

निर्मलाबाई आत आल्या. त्यांनी फळीवर गुंडाळलेलं लुगडं सोडून ती साहेबांच्या टेबलावर ठेवली. सव्वीस, गेरूनं, जरा मोठ्या अक्षरात.

"हे काय?"

"वाचा साहेब. याले मशीन लागत नाही."

"बाई, असला पुरावा धरता येत नाही. उचला. फाइल आणली आहे ना? ती पाहू."

नव्या ऑपरेटरनं पेनड्राइव्ह उचलला. खुशबूनं त्यावर चिकटपट्टीखाली एक चिठ्ठी लावली होती, कमलेशचंच वाक्य तिला न कळता पुन्हा लिहिलेलं: 'बायनरीतच उघडा.' चिठ्ठीनं पेनड्राइव्ह आत बसेना. त्यानं ती नखानं खरवडली आणि गोळी करून टोपलीत टाकली.

"साहेब," निर्मलाबाई म्हणाल्या. नातीनं रात्रभर घोकून घेतलेला शब्द त्यांनी जपून उच्चारला. "बायनरीत उघडा म्हना त्यायले."

साहेब बाबूकडे पाहून हसले. "ऐका! आजीबाई आता आपल्याला संगणक शिकवणार. बाई, इथं मंजूर प्रोग्राम आहे. नियमानं जे निघेल ते निघेल. बसा."

त्या भिंतीकडेच्या बाकावर बसल्या. फळी पुन्हा मांडीवर.

ऑपरेटरनं राजकुमारचा जुना प्रोग्राम चालवला. मला उघडलं. कसं उघडलं ते मला लगेच कळलं: मजकूर म्हणून. खिडकीच्या गजांमागून खुशबू ओरडतेय, शिपाई तिला दंडाला धरून मागं ओढतोय, आणि बाबू पडद्यावरची नावं वाचायला लागलाय. एक. दोन. तीन. चार, सुखराम. माझ्यात पुढचं सगळं आहे, जागच्या जागी, एक बाइट हललेला नाही. बारा. तेरा. वीस. निर्मलाबाई बोटांवर मोजतायत. तेवीस. चोवीस.

पंचवीस वाचलं तसं त्यांनी फळी छातीशी धरली आणि उठून उभ्या राहिल्या. पुढचं नाव त्यांच्या घराचं होतं.